ज्यूंचं जुनं कबरस्तान: साताऱ्याहून जाऊन आपण साफ करावं का?

शाहूपुरीकर: दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहाजण अलिबागकडे गेलो होतो. परतताना एका गावाच्या कडेला बेने इस्राएलींचं, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं, कबरस्तान दिसलं. घाणेरीतून वाट काढत आत गेलो. एका कबरीवर वर हिब्रू आणि खाली चक्क बाळबोध मराठी: ‘आमची आई’. पुढचं नाव झिजलंय, आडनावातलं ‘कर’ तेवढं उरलंय. ज्यू पंचांगाचं साल 5667, म्हणजे आपलं 1907 च्या आसपासचं. दगडाच्या चिरेतून मनगटाएवढा पिंपळ वर आलाय. अजिंक्यताऱ्यावर आपण झाडलोट करतो, तशी जानेवारीत एक शनिवार-रविवार इथे करावी असं मनात आहे. कोण येतंय?

माहुलीकर: मी नाही. ताराराणींची समाधी संगम माहुलीला नदीपात्रात पडझड होऊन पडलीय. तिथे आपल्यातले किती जण फिरकतात? शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याच्या समाधीपुढे फोटो काढायला मात्र गर्दी. घरचं सोडून दोनशे किलोमीटरवरच्या परक्या कबरी कशाला? इस्राएलकडे पैसा आहे, ते बघतील त्यांचं.

कोयनाकाठ: परक्या कशा हो? आईला ‘आई’च लिहिलंय ना दगडावर? नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि वाचलेल्यांचा हा वंश, असं ते स्वतः सांगतात. पेणकर, रोहेकर, किहीमकर ही आडनावं परकी वाटतात का? 1948 नंतर बरेचसे इस्राएलला गेले. मागे कबरी राहिल्या आणि वर्षाकाठी गवत काढणारा घरचा माणूस उरला नाही, एवढंच.

माहुलीकर: भाषा एक म्हणून कबर आपली होत नाही.

कऱ्हाडची ताई: आमच्या शेजारी एक बेने इस्राएली बाई राहायच्या. नवस फेडला की गूळ-खोबरं घातलेल्या पोह्यांचा मलिदा घरी यायचा. त्यामुळे मला आत्मीयता आहे, तरीही शाहूपुरीकरांच्या बेताला माझा विरोध आहे. अहो, तुम्ही निघालाय शनिवारी! तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवायचे म्हणून कोकणात त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या त्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, ते कबरस्तानात पाऊलसुद्धा ठेवत नाहीत आणि तुम्ही त्याच दिवशी कोयते घेऊन शिरणार! आधी त्यांच्यातल्या कुणाला तरी विचारा. पुण्यात लाल देवळात, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, चौकशी केली तरी वाट सापडेल.

शाहूपुरीकर: हे डोक्यातच आलं नाही. रविवारी जाऊ.

दगडफोड्या: वार कुठलाही घ्या, तारेचा ब्रश आणि ॲसिड मात्र घरी ठेवा. संगमरवर असेल तर ॲसिडने अक्षरं कायमची जातात. साधं पाणी, मऊ ब्रश, बास. पिंपळ ओढून काढू नका, मुळांबरोबर दगडही येईल. तो कापायचा आणि पुन्हा फुटला की पुन्हा कापायचा. पडलेले तुकडे भिंतीला लावून नीट ‘मांडून’ ठेवण्याचा उत्साह नको. जिथे आहेत तिथेच राहू द्या, नाहीतर कुठला दगड कुणाचा हे कायमचं हरवतं. सिमेंट, फरशा, रंगरंगोटी याबद्दल तर बोलतच नाही. आपल्याकडे जीर्णोद्धार म्हटलं की ऑइलपेंट आलाच!

कोयनाकाठ: माझं मत विचाराल तर साफसफाईला दुय्यम धरा. पावसाळ्यानंतर घाणेरी परत येणारच. आधी सातबारा काढा, जागा कुणाच्या नावावर आहे ते बघा, हद्द मोजून घ्या. नाहीतर झाडी काढून तुम्ही जागा मोकळी कराल आणि पुढच्या वर्षी तिथे कुणाचं तरी फार्महाऊस उभं राहिलेलं दिसेल.

माहुलीकर: हे मात्र पटलं. माहुलीलाही तेच दुखणं आहे. तरी मी येत नाही. त्या रविवारी मी माहुलीला असेन, कुणी आलं तर बरं, नाही आलं तर एकटा. पण तो दगड... नाव काहीच लागत नाही का?

शाहूपुरीकर: फोटो भर दुपारचा आहे, ऊन डोक्यावर.

दगडफोड्या: म्हणूनच. सकाळी सातला जा, ऊन आडवं हवं. आरसा न्या आणि बाजूने उजेड पाडा. झिजलेली अक्षरंही सावलीत उठतात.

शाहूपुरीकर: फोटो मोठा करून पाहतोय. ‘...बाई’ एवढं लागतंय. आधी दोन अक्षरं असावीत.