हुद्दा लावा, पण खरा

'नोकरी संपली की हुद्दाही संपला, संविधानानं पदव्या बंद केल्या' असं निवृत्त फौजींच्या हुद्द्याबद्दल म्हटलं जातं, ते अर्धंच बरोबर आहे. अनुच्छेद 18 मध्ये लष्करी आणि विद्याविषयक सन्मान स्पष्टपणे वगळले आहेत. सन्मानानं निवृत्त झालेल्याला हुद्दा लावता येतो, लावावाही. लिहिताना हुद्दा आधी, मग नाव, आणि 'निवृत्त' शेवटी. 'निवृत्त सुभेदार अमुक' असं नको, कारण निवृत्त माणूस होतो, हुद्दा नाही.

आपल्याकडे खेड्यात खरा घोळ वेगळाच होतो. गावातला प्रत्येक फौजी 'मेजर' होतो आणि 15 ऑगस्टच्या पत्रिकेवर ग्रामपंचायत तेच छापते. हवालदार, सुभेदार मेजर आणि मेजर हे तीन वेगळे हुद्दे आहेत; सुभेदार मेजर हा जेसीओंमधला (जवान आणि अधिकारी यांच्या मधल्या हुद्द्यांमधला) सर्वात वरचा, तिथवर पोचायला अख्खी नोकरी जाते. त्याला नुसतं मेजर म्हणणं म्हणजे त्याची कमाई पुसणं. कामठीच्या 'ब्रिगेड ऑफ द गार्ड्स' या रेजिमेंटचा साधा जवान तर गार्ड्समन असतो. म्हणून छापण्याआधी डिस्चार्ज बुक (सेवामुक्तीचं पुस्तक) किंवा पीपीओवरचा (निवृत्तिवेतनाच्या आदेशावरचा) शेवटचा हुद्दा बघून घ्या. निवृत्तीच्या वेळी काही हवालदारांना मानद नायब सुभेदार हुद्दा मिळतो, तिथे 'मानद' शब्द गाळू नका. समोर बोलताना मात्र 'सुभेदार साहेब' एवढं पुरे.

आणि बँक पासबुक, आधार, सातबारा यांवर हुद्दा अजिबात घालू नका. पासबुक आणि आधारवर पीपीओवरचं नाव जसंच्या तसं हवं. नाव जुळलं नाही की हयातीच्या दाखल्याला अडचण येते, आणि पुढे फौजीच्या पश्चात त्याच्या बायकोच्या कुटुंब निवृत्तिवेतनालाही.