मदत हवी आहे: पबमेडवरचा शोध एकतर आटतो, नाहीतर फुगतो

ऊसतोड कामगार महिलांमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (विषयावरचे सगळे अभ्यास ठरलेल्या पद्धतीने शोधून घेतलेला आढावा) करतेय. गाडी पबमेडवरच, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या मोफत ऑनलाइन सूचीवरच, अडलीय.

तीन गट केलेत: शस्त्रक्रिया, ऊसतोड, महाराष्ट्र. गटाच्या आत 'ऑर' (कुठलाही एक शब्द असला तरी चालेल), गटांमध्ये 'अँड' (प्रत्येक गटातला शब्द हवाच). हिस्टरेक्टॉमीची (गर्भाशय काढण्याची) मेश संज्ञाही, म्हणजे लेखांना लावलेली ठरावीक विषय-संज्ञाही, घेतलीय आणि शीर्षक-सारांशातले शब्दही, कारण पबमेडमधल्या सगळ्याच लेखांना मेश लागलेली नसते. 'शुगरकेन' जोडून आणि तोडून, दोन्ही तऱ्हांनी लिहून झालंय. तरी तिन्ही गट जोडले की हाताच्या बोटांवर मोजण्याइतके लेख उरतात. माझ्याकडे आधीपासून असलेला, नेमका याच विषयावरचा एक लेखही त्यात नाही! त्याच्या सारांशात ऊस हा शब्दच नाही, नुसतं 'स्थलांतरित मजूर' आहे.

ऊसतोडीचा गट काढला तर वेगळीच गंमत. 'महाराष्ट्र' हा शब्द लेखकांच्या पत्त्यातही सापडतो, म्हणून पुण्या-मुंबईच्या रुग्णालयांमधले सगळे केस रिपोर्ट येऊन पडतात. तो शीर्षक-सारांशापुरता बांधला, तर फक्त 'बीड', 'मराठवाडा' किंवा 'इंडिया' लिहिणारे सुटतात.

स्कोपस आणि एम्बेस या वर्गणीच्या लेख-सूची आमच्याकडे नाहीत. गूगल स्कॉलर पहिल्या १००० निकालांपुढे दाखवत नाही, त्यामुळे ते फक्त पूरक म्हणून. प्रबंधांसाठी शोधगंगा (भारतीय विद्यापीठांतल्या पीएचडी प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह) वेगळं बघतेय. चाळायला आम्ही दोघीच आहोत. पाचशे-सहाशे सारांश झेपतील, पाच हजार नाही.

तर स्थळाचा गट पूर्ण वगळून, ऊस, शेतमजूर आणि स्थलांतरित मजूर एकाच गटात 'ऑर'ने घ्यावेत आणि भारताबाहेरचे लेख हाताने गाळावेत, की स्थळाचा गट ठेवून त्यातच गावा-जिल्ह्यांची नावं वाढवावीत?