इस्राएल-पॅलेस्टाइन हिंसाचाराबाबत खासदारांना निवेदन द्यायचे आहे, मजकूर कसा असावा?

विश्रामबाग_वाचक, सांगली

सांगलीत आमचा आठ-दहा जणांचा वाचनकट्टा आहे. इस्राएली आणि पॅलेस्टिनी यांच्यातील हिंसाचाराबाबत आपल्या लोकप्रतिनिधींनी संसदेत ठाम भूमिका घ्यावी, असे निवेदन खासदारांना देण्याचे आम्ही ठरवले आणि गेले तीन रविवार पहिल्याच वाक्याशी अडून बसलो आहोत. काहींचे म्हणणे असे की सुरुवात 7 ऑक्टोबर 2023 पासूनच व्हावी, कारण त्या दिवशी हमासच्या हल्ल्यात सुमारे 1,200 माणसे मारली गेली आणि सुमारे 250 जणांना ओलीस नेण्यात आले. हा आग्रह धरणाऱ्या गृहस्थांचे बेने इस्राएली (मराठीभाषक ज्यू समाजातले) स्नेही इस्राएलमधील अश्दोद शहरात राहतात आणि आजही त्यांना मराठीत पत्रे लिहितात. त्यांच्यासाठी हा विषय केवळ वर्तमानपत्रातला नाही. इतरांना पहिल्या ओळीत 'नरसंहार' हाच शब्द हवा आहे, कारण गाझातील आरोग्य मंत्रालयाच्या नोंदींप्रमाणे जुलै 2025 अखेरीस मृतांची संख्या 60,000 च्या वर गेली होती. कच्च्या मसुद्यातील त्या एका ओळीवर एवढी खाडाखोड झाली आहे की कागद फाटायला आला आहे. अशा निवेदनाचा काही उपयोग होतो का, आणि होत असेल तर ते कसे लिहावे?

जतकर

उपयोग होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्या जत तालुक्याच्या पूर्व भागातील गावांनी म्हैसाळ सिंचन योजनेच्या पाण्यासाठी किती निवेदने दिली याची मोजदाद नाही. जिथे दारातल्या पाण्यासाठी एवढे झगडावे लागते, तिथे गाझाविषयी सांगलीकरांचे कोण ऐकणार? मुंबई उच्च न्यायालयानेही जुलै 2025 मध्ये आझाद मैदानावरील गाझाविषयक निदर्शनांची याचिका फेटाळताना, आधी आपल्या देशाचे प्रश्न पाहा, अशा आशयाचे मत व्यक्त केले होते.

कराडकर

जतकर साहेब, पाण्याबद्दलचा आपला संताप रास्त आहे, पण त्यातून हा निष्कर्ष निघत नाही. त्याच मैदानावर ऑगस्टमध्ये निदर्शनांना परवानगी मिळाली, हेही नोंदवायला हवे. शिवाय हा विषय आपल्या जिल्ह्यांना अगदीच परका नाही. 1975 मध्ये पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेचे कार्यालय दिल्लीत उघडले तेव्हा यशवंतराव चव्हाण परराष्ट्रमंत्री होते. जन्म देवराष्ट्र्याचा, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातला, आणि लोकसभेत ते निवडून आले होते साताऱ्यातून.

निवृत्त_लघुलेखक, सातारा

एका खासदारांच्या संपर्क कार्यालयात मी अकरा वर्षे पत्रव्यवहार पाहिला, त्या अनुभवावरून लिहितो. 'ठाम भूमिका घ्यावी' एवढीच मागणी असलेले निवेदन सर्वांत लवकर फायलीत जाते, कारण त्यावर कार्यालयाला करण्यासारखे काही नसते. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून पोच दिली जाते आणि विषय तिथेच संपतो. खासदारांच्या हातात जे साधन आहे त्याला धरून मागणी करावी, आणि ते साधन म्हणजे सभागृहातील प्रश्न. लोकसभेत दिवसाला तारांकित प्रश्न 20 च लागतात आणि त्यांतल्या मोजक्यांचीच तोंडी उत्तरे होतात. अतारांकित प्रश्न मात्र 230 घेतले जातात, त्यांची उत्तरे लेखी येतात आणि कायम नोंदीत राहतात.

आपला पहिल्या ओळीचा वाद लोकसभेच्या कामकाज नियमांतील 41 वा नियम, निदान प्रश्नापुरता तरी, मिटवून टाकतो. प्रश्न 150 शब्दांच्या आत असावा, त्यात युक्तिवाद वा उपरोध नसावा, सरकारचे मत विचारलेले नसावे आणि मित्रराष्ट्राचा असभ्य उल्लेख नसावा, असे तो सांगतो. म्हणजे 'सरकारची भूमिका योग्य आहे काय' हा प्रश्न बाद होतो. मात्र 'कोणत्या ठरावावर भारताने काय मत दिले आणि त्याची कारणे काय' हा टिकतो. आणि विचारण्यासारखे पुष्कळ आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत 27 ऑक्टोबर 2023 रोजी गाझातील युद्धविरामाच्या ठरावावर आपण तटस्थ राहिलो. 12 डिसेंबर 2023 रोजी युद्धविरामाच्या बाजूने पडलेल्या 153 मतांत आपले मत होते. 12 जून 2025 रोजी युद्धविरामाच्याच ठरावावर 149 देश बाजूने असताना आपण पुन्हा तटस्थ राहिलो. आणि 12 सप्टेंबर 2025 रोजी द्विराष्ट्र तोडग्याच्या (इस्राएल आणि पॅलेस्टाइन अशी दोन स्वतंत्र राष्ट्रे) न्यूयॉर्क घोषणापत्राला पाठिंबा देणाऱ्या 142 देशांत आपण होतो. दोन वर्षांतल्या या चार मतांमागचा विचार लेखी मागितला, तर कोणत्याही पक्षाच्या खासदाराला तो प्रश्न पाठवणे अवघड जाऊ नये.

लेखी उत्तराला वजन असते, याचा एक मासला सांगतो. 8 डिसेंबर 2023 रोजी हमासला दहशतवादी संघटना घोषित करण्याविषयीच्या अतारांकित प्रश्नाचे उत्तर तत्कालीन परराष्ट्र राज्यमंत्री मीनाक्षी लेखी यांच्या नावाने प्रसिद्ध झाले, आणि अशा उत्तरावर आपण सहीच केलेली नाही, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. मग त्या जागी दुसरे राज्यमंत्री व्ही. मुरलीधरन यांचे नाव हवे होते, असा खुलासा मंत्रालयाला करावा लागला. एका भाषणाने एवढी धावपळ क्वचितच होते.

'नरसंहार' या शब्दाविषयी माझे मत आपल्या काही सदस्यांना रुचणार नाही. दक्षिण आफ्रिकेने इस्राएलविरुद्ध नरसंहाराच्या आरोपावरून 29 डिसेंबर 2023 रोजी दाखल केलेल्या दाव्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 26 जानेवारी 2024 रोजी अंतरिम आदेश दिले, आणि भारतीय न्यायाधीश दलवीर भंडारी त्या बहुमतात होते. पण अंतिम निकाल यायचा आहे. निवेदनात हा दावा आणि हे आदेश नमूद करावेत. निकालाचा शब्द आपण आधीच वापरला, तर स्वीय सहायकाला कागद बाजूला ठेवायला निमित्त मिळते.

एक व्यवहाराची गोष्ट. सह्यांच्या प्रत्येक पानावर वरच्या बाजूला मागणीचा मजकूर छापा. आमच्याकडे एकदा चारशे सह्यांचा गठ्ठा आला होता, आणि पहिले पान गहाळ झाल्यामुळे लोकांनी सह्या कशासाठी केल्या हे कोणालाच सांगता येईना.

फलटणकर

सह्या गोळा करताना मतदारसंघ तपासा. वाळवा आणि शिराळा तालुके सांगली जिल्ह्यात असले तरी लोकसभेला हातकणंगलेत मोडतात; तसेच आमचे फलटण आणि माण साताऱ्यात नसून माढ्यात आहेत. आम्ही एका निवेदनावर निम्म्या सह्या चुकीच्या खासदारांच्या नावे घेतल्या होत्या, आणि कार्यालयातील मुलाने पत्ते वाचून त्या नम्रपणे परत केल्या.

विश्रामबाग_वाचक, सांगली

सर्वांचे आभार. काल बसून मजकूर बदलला. पहिल्या वाक्यात आता दोन्हीकडच्या निःशस्त्र नागरिकांच्या हत्येचा निषेध असून 7 ऑक्टोबर आणि गाझातील मृतांची संख्या एकाच दमात येतात. 'नरसंहार' शब्दाचा आग्रह धरणाऱ्या ताईंनी अजून सही केलेली नाही, त्या स्वतंत्र पत्र देणार आहेत. वाळवा तालुक्यातील इस्लामपूरकडील दोघांची नावे वेगळ्या कागदावर घेतली. चार मतांविषयीचा प्रश्न मराठीत 90 शब्दांत बसला आहे, मात्र तो हिंदीत किंवा इंग्रजीत द्यावा लागेल. लघुलेखक साहेब, हिंदी मसुदा येथे टाकला तर त्यावर आपण एकवार नजर टाकाल काय?