मदत हवी आहे : पायथनमधून एक्सेलचे इव्हेंट हाताळताना फाइल बंद होणे कसे रोखावे?

नमस्कार. पायविन३२ (पायथनमधून विंडोजवरील प्रोग्रॅम हाताळण्याची लायब्ररी) मधील डिस्पॅचविथइव्हेंट्स या फंक्शनला मी इव्हेंट (एक्सेलमध्ये काही घडल्याची सूचना) हाताळणारा क्लास दिला असून, त्यातील ऑनशीटचेंज ही शीटमध्ये बदल झाल्यावर चालणारी मेथड, पंपवेटिंगमेसेजेस (वाट पाहत असलेले विंडोजचे संदेश पोहोचवणारे फंक्शन) सतत चालवणाऱ्या लूपमुळे व्यवस्थित काम करते. (तो लूप नसेल तर एकही इव्हेंट पोहोचत नाही, हे उमगायलाच माझे दोन दिवस गेले.) खरी अडचण ऑनवर्कबुकबिफोरक्लोज या फाइल बंद होण्याआधी चालणाऱ्या मेथडमध्ये आहे : बंद होणे रद्द करण्यासाठीच्या कॅन्सल या पॅरामीटरला ट्रू ही किंमत दिली, तरी फाइल बंद होतेच. तो संदर्भाने (बाय रेफरन्स, म्हणजे बदललेली किंमत एक्सेलला परत मिळावी अशा रीतीने) येणारा पॅरामीटर असल्याने मेथडच्या आत किंमत बदलून उपयोग नाही, ती रिटर्न करावी लागत असावी, असा माझा तर्क आहे. तो बरोबर आहे का? आणि असे दोन पॅरामीटर असतील, तर दोन्ही किमती कशा परत कराव्यात?