स्कूबा डायव्हिंगचे साहित्य विमानाने नेताना : ग्रुपवरील चर्चा

ब-३०४ :
सर्वांना नमस्कार. पुढच्या महिन्यात माझी मुलगी आणि मी स्कूबा डायव्हिंगसाठी विमानाने जात आहोत आणि या वेळी प्रथमच भाड्याच्या साहित्याऐवजी स्वतःचे साहित्य नेणार आहोत. रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वासासाठी देणारे उपकरण), बीसीडी (पाण्यात तरंगणे सांभाळणारे, हवा भरता येणारे जाकीट), मास्क, फिन्स (पायात घालायची वल्ही), वेटसूट, डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ मोजणारा) आणि एक टॉर्च एवढे सामान आहे. एका परिचितांनी सांगितले की सामानाच्या कक्षात हवेचा दाब कमी असल्याने ही उपकरणे बिघडतात, त्यामुळे जरा धास्ती वाटते. यातले काय जवळ ठेवावे आणि काय चेक-इन करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

अ-७०१ :
ताई, दाबाची धास्ती बाळगू नका. मोठ्या प्रवासी विमानांत सामानाच्या कक्षातही केबिनइतकाच दाब राखलेला असतो आणि तो साधारणपणे २,४०० मीटर उंचीवरच्या हवेच्या दाबाखाली जाऊ दिला जात नाही, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या दाबाच्या जवळजवळ तीन-चतुर्थांश तरी तो असतोच. जी उपकरणे पाण्याखाली १० मीटरवर दुप्पट आणि ३० मीटरवर चौपट दाब झेलण्यासाठी घडवलेली आहेत, त्यांना एवढ्या फरकाने काही होत नाही. अपवाद हवाबंद वस्तूंचा; त्याबद्दल क-२०२ मधले आपले छायाचित्रकार सांगतीलच.

या साहित्याला खरा त्रास होतो तो त्याच बॅगेत राहणाऱ्या शेजाऱ्यांचा. फर्स्ट स्टेज, म्हणजे रेग्युलेटरचा सिलिंडरला जोडायचा भाग, हा पितळेचा भरीव ठोकळा असतो. बॅग पट्ट्यावर आपटली की तो नेमका मास्कच्या काचेवर किंवा प्रेशर गेजवर जाऊन आदळतो आणि बाहेरून बॅगेला ओरखडाही नसतो. म्हणून बॅग किती भक्कम आहे यापेक्षा तिच्या आत जड आणि कठीण वस्तू नाजूक वस्तूंपासून किती दूर बांधल्या आहेत, याकडे अधिक लक्ष द्यावे, असे माझे मत आहे.

रेग्युलेटर मात्र हातातल्या बॅगेतच न्यावा. ज्या वस्तूवर पाण्याखाली आपला श्वास अवलंबून आहे, ती आपल्या नजरेआड कोणी कशी हाताळली हे कळायला मार्ग नसतो. तो भरण्यापूर्वी फर्स्ट स्टेजची डस्ट कॅप (तोंडावरची टोपी) उघडून ती आतून फडक्याने पुसावी आणि मगच घट्ट बसवावी, कारण तिच्या आत राहिलेला पाण्याचा थेंब थेट फिल्टरपर्यंत जातो आणि तिथे गंज धरतो. जोडणी डिन प्रकारची, म्हणजे आट्यांनी फिरवून बसवायची असेल, तर आट्यांवर टोपी असलीच पाहिजे. एक आटा चेपला तरी तो सिलिंडरच्या व्हॉल्व्हमध्ये नीट बसत नाही. होज (रबरी नळ्या) मोठ्या, सैल वेटोळ्यात गुंडाळावेत. जिथे रबरी होज धातूच्या टोकात शिरतो, तिथेच सर्वाधिक ताण येतो आणि पहिली चीरही तिथेच पडते. त्या जागी प्लॅस्टिकचे प्रोटेक्टर असेल, तर ते मागे सरकवून, होज हलकेच वाकवून उजेडात पाहावा. केसाएवढ्या भेगा दिसल्या तर तो होज प्रवासाला नेण्यापूर्वीच बदलावा. सेकंड स्टेजचे, म्हणजे तोंडात धरायच्या भागाचे, पर्ज बटण (हवा सोडणारे) दाबले जाईल किंवा माउथपीस चेपून वाकडा होईल, असे काहीही वर ठेवू नये. हवेचा दाब बिनतारी पद्धतीने कॉम्प्युटरला कळवणारा ट्रान्समीटर असेल, तर ती छोटीशी दांडी फर्स्ट स्टेजवरून काढून वेगळी ठेवलेली बरी, मात्र मग मोकळ्या राहिलेल्या पोर्टमध्ये (जोडणीच्या छिद्रात) प्लग बसवायला विसरू नये. हे काम जमत नसेल, तर तिच्याभोवती जाड फडके गुंडाळावे.

सुरक्षा तपासणीत होज आणि धातूचे ठोकळे यांचा तो गुंता एक्स-रेवर विचित्र दिसतो. मी रेग्युलेटर आपणहून बाहेर काढून वेगळ्या ट्रेमध्ये ठेवतो आणि विचारण्याआधीच ते डायव्हिंगचे उपकरण असल्याचे सांगतो.

ब-६०२ :
काका, पण अनेक विमान कंपन्या हातातल्या सामानाला ७ किलोचीच मुभा देतात. सगळेच जवळ कसे ठेवणार?

अ-७०१ :
सगळे ठेवायचे नाहीच. ऑक्टोपस (जादा सेकंड स्टेज) आणि गेजसकट रेग्युलेटरचा संच साधारण ३ किलो भरतो. कॉम्प्युटर मनगटावर घालावा किंवा बॅगेत ठेवावा. काही कॉम्प्युटर ओलाव्याच्या स्पर्शाने आपोआप सुरू होतात, म्हणून तो कोरडा असावा. मास्क त्याच्या कडक डबीत घालून जवळ ठेवावा, विशेषतः त्याला चष्म्याच्या नंबरची काच असेल तर, कारण बाकी कोणतीही वस्तू तिथे भाड्याने मिळेल, आपल्या नंबरचा मास्क बहुधा मिळणार नाही. उरलेली जागा बॅटऱ्यांना.

फिन्स, वेटसूट आणि बीसीडी खुशाल चेक-इन करावेत. फिन्स बॅगेच्या लांब बाजूंना भिंतीसारख्या उभ्या कराव्यात. बूट न घालता वापरायच्या फिन्सबरोबर पायाच्या आकाराचा प्लॅस्टिकचा तुकडा येतो, तो न फेकता आतच ठेवावा, नाहीतर टाचेकडचा भाग दबून कायमचा वाकडा होतो. बीसीडीतले पाणी आणि हवा दोन्ही पूर्ण काढावे, कारण कोंडलेली हवा उंचीवर सुमारे एक-तृतीयांशाने फुगते. इन्फ्लेटरचा (हवा भरायचा) होज आतल्या बाजूला वळवावा. वेटसूट घडी घालून दाबू नये, गुंडाळावा, आणि त्यानेच बीसीडीच्या कडक भागाभोवती गादी करावी.

क-२०२ :
माझे नाव निघालेच आहे, तर हवाबंद वस्तूंबद्दल लिहितो. कॅमेऱ्याचे हाउसिंग (जलरोधक पेटी) बंद करून विमानात नेऊ नये. जमिनीवर बंद केलेल्या हाउसिंगमधली हवा उंचीवर बाहेरच्या बाजूला रेटा देते, आणि हाउसिंगची सगळी रचना तर बाहेरून आत येणाऱ्या दाबाला तोंड देण्यासाठी केलेली असते; त्यामुळे पोर्ट (भिंगासमोरची खिडकी) किंवा बटणांच्या सीलवर उलटा ताण येतो. मुख्य ओ-रिंग (पाणी अडवणारे रबरी कडे) काढून छोट्या पिशवीत ठेवावी आणि झाकण नुसते टेकवून न्यावे. हाच नियम टॉर्चला. डोम पोर्ट अॅक्रिलिकचा असेल तर त्यावर लवकर चरे पडतात, पण ते घासून घालवता येतात. काचेच्या पोर्टवर चरे सहसा पडत नाहीत, पण टवका उडाला की तो पोर्ट गेलाच म्हणायचा. दोन्हींवर निओप्रीनचे झाकण हवे.

टॉर्चबद्दल मी जरा कडकपणेच सांगेन. डायव्हिंगची प्रखर टॉर्च पाण्यात थंड राहील या हिशेबाने बनवलेली असते. ती कपड्यांनी भरलेल्या बॅगेत चुकून सुरू झाली तर इतकी तापते की प्लॅस्टिक वितळू शकते, आणि आग लागण्याचा धोका असतो. नुसते बटण लॉक करून भागत नाही. बॅटरी काढून टॉर्चपासून वेगळी ठेवावी. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात चालतच नाहीत. त्या केबिनमध्ये, प्रत्येकीची टोके झाकून किंवा वेगळ्या डबीत घालून न्याव्या लागतात. १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटऱ्यांना सहसा अडचण येत नाही, १०० ते १६० पर्यंतच्या जास्तीत जास्त दोन सुट्या बॅटऱ्या विमान कंपनीच्या परवानगीने नेता येतात, आणि त्यापुढच्या प्रवाशाला नेता येत नाहीत. बॅटरीवर फक्त व्होल्ट आणि मिलिअँपिअर-तास छापलेले असतील, तर त्यांचा गुणाकार करून हजाराने भागावे.

अ-१०५ :
मला वाटते चाकांची कडक पेटी घेतली तर या सगळ्या बांधाबांधीची गरजच उरणार नाही. आमच्या पुतण्याकडे तशी पेटी आहे.

अ-७०१ :
मी याच्याशी सहमत नाही. मोठ्या कडक पेटीचे स्वतःचेच वजन ५ ते ७ किलो असते आणि इकॉनॉमी वर्गात बहुतेक ठिकाणी मर्यादा २३ किलोची असते. म्हणजे साहित्याला उरतात १६ ते १८. शिवाय पेटी आतून रिकामी राहिली तर वस्तू तिच्या भिंतींवर आपटत राहतात. कॅमेऱ्यासाठी ती हवीच, बाकी साहित्याला चाकांची मऊ पण तळाला कडक असलेली बॅग पुरते. लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज १५८ सेंटिमीटरच्या आत असावी, त्यापुढे अनेक कंपन्या जादा शुल्क लावतात. आणि कृपया बॅगेवर डायव्हिंग कंपनीचे भलेमोठे नाव नको. ते पाहून आत महागडी उपकरणे आहेत हे कोणालाही कळते.

ड-४०३ :
मी विम्याच्या कामात असल्यामुळे थोडी भर घालतो. आंतरराष्ट्रीय प्रवासात सामानाचे नुकसान, विलंब किंवा गहाळ होणे यांची जबाबदारी १९९९ च्या माँट्रियल कराराने ठरते. २८ डिसेंबर २०२४ पासून या भरपाईची मर्यादा प्रतिप्रवासी १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक आहे. चेक-इन करताना सामानाचे जास्तीचे मूल्य जाहीर करून कंपनीने मागितल्यास त्याचे शुल्क भरले, तर ही मर्यादा वाढते, पण काउंटरवर हे आपणहून विचारावे लागते. नुकसान झाले असेल तर लेखी तक्रार सामान हाती आल्यापासून ७ दिवसांत आणि विलंब झाला असेल तर २१ दिवसांत करावी लागते. ही मुदत चुकली की दावा संपला.

माझा अनुभव सांगतो. एका प्रवासात बॅग वरून व्यवस्थित दिसत होती, पण पट्ट्याजवळच उघडून पाहिली तेव्हा बीसीडीचे इन्फ्लेटर बटण फुटलेले निघाले. विमानतळ सोडण्यापूर्वी तक्रार नोंदवली, आणि निघताना काढलेली छायाचित्रे जोडली. त्यात प्रत्येक वस्तूचा अनुक्रमांक स्पष्ट वाचता येत होता, म्हणून पुढचा वाद झाला नाही. कंपनीने "नाजूक वस्तू नीट बांधलेली नव्हती" असे म्हणू नये, यासाठी एक छायाचित्र भरलेल्या उघड्या बॅगेचेही असू द्यावे.

ब-३०४ :
सर्वांचे मनापासून आभार. परतीच्या वेळी ओले साहित्य कसे आणायचे?

अ-७०१ :
ओले आणूच नये. ओला वेटसूट आणि पाणी मुरलेली बीसीडी मिळून काही किलो सहज वाढवतात, आणि बंद बॅगेत खारे पाणी धातूला खाते. सुदैवाने यासाठी वेळ आपोआप मिळतो. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कच्या मार्गदर्शनानुसार एकाच डाइव्हनंतर किमान १२ तास आणि एकापेक्षा अधिक डाइव्ह किंवा सलग अनेक दिवसांच्या डायव्हिंगनंतर किमान १८ तास विमानात बसू नये. डीकॉम्प्रेशनचे थांबे (वर येताना ठरावीक खोलीवर थांबणे) घेतले असतील तर त्याहून बराच जास्त वेळ जाऊ द्यावा. त्या वेळात साहित्य गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे. बीसीडीच्या आतही गोडे पाणी घालून, हलवून ते काढून टाकावे. रेग्युलेटर भिजवताना डस्ट कॅप बसलेली असावी आणि पर्ज बटण दाबू नये.

पोहोचल्यावर होडीत बसण्याआधी एक सोपी तपासणी करावी. डस्ट कॅप बसलेली असताना सेकंड स्टेज तोंडात धरून श्वास आत ओढावा. हवा अजिबात यायला नको आणि ओढ तशीच टिकून राहायला हवी. हवा झिरपत असेल तर डायफ्रॅम, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंवा माउथपीस यांपैकी काहीतरी सुटले किंवा फाटले आहे, म्हणून तो रेग्युलेटर तपासून घेतल्याशिवाय पाण्यात नेऊ नये.

ब-६०२ :
सिलिंडर आणि वजने नेता येतात का? आणि चाकू?

अ-७०१ :
भरलेला सिलिंडर नेता येत नाही. पूर्ण रिकामा करून, व्हॉल्व्ह काढून, आतून दिसेल असा नेण्याची काही ठिकाणी मुभा असते, पण त्याचे वजन पाहता तिथेच भाड्याने घ्यावा. शिशाची वजनेही तिथलीच वापरावीत; बीसीडीचे खिसे निघण्यापूर्वी रिकामे करून पाहावेत, कारण त्यात विसरलेले दोन किलो वजन काउंटरवर महागात पडते. चाकू आणि कात्री म्यानात घालून, टोकाला टेप लावून फक्त चेक-इन सामानात ठेवावी, म्हणजे बॅग तपासणाऱ्याच्या हाताला इजा होणार नाही. वेटसूट चिकटवण्याचा निओप्रीनचा गोंद ज्वालाग्राही असतो, तो कुठल्याच बॅगेत नको. सुट्या ओ-रिंग, एक माउथपीस, फिनचा पट्टा आणि काही केबल टाय एका छोट्या डबीत जरूर न्यावेत.

ब-३०४ :
वजनाचे खिसे आताच पाहिले, दोन्ही रिकामे आहेत. रविवारी बॅग भरून तिचे छायाचित्र इथे टाकते, कृपया एकदा नजर टाकावी.