टेक्सस: शेजारच्या रँचवर काळपुळी निघाली, जुलैतली चितळाची शिकार करावी का?

रानवाट_7
युवाल्डी काउंटीतल्या 900 एकरांच्या रँचवर जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात चितळाच्या दोन नरांची शिकार ठरली आहे. कुंपणापलीकडच्या रँचवर गेल्या आठवड्यात तीन गाई आणि पांढऱ्या शेपटीची काही हरणं मेली. तपासणीत अँथ्रॅक्स, म्हणजे आपली काळपुळी, असल्याचं नक्की झालं. आमच्या बाजूला अजून काही मेलेलं सापडलेलं नाही. मालक म्हणतो यायचं तर या, नाहीतर पुढची तारीख देतो.

धडधाकट दिसणारा नर मारला तर मांस खाता येईल का? पोट फाडल्यावर संशय आला तर नेमकं काय करायचं? आणि कातडं, शिंगं घरी नेता येतील का?

चुनखडीचा_माळ
पुढची तारीख घ्या. चितळ तिथं मूळचं नाही, 1930च्या दशकात बाहेरून आणून सोडलेलं आहे, त्यामुळे त्याला बंद हंगाम नाही, शिकार वर्षभर करता येते. तोटा एवढाच की उन्हाळ्यात नरांची शिंगं कडक असतात आणि हिवाळ्यात बरेच नर मखमलीत, म्हणजे वाढत्या शिंगांवर मऊ कातडी असताना, सापडतात. तेवढ्यासाठी हा धोका पत्करू नये.

युवाल्डी, ओझोना आणि ईगल पास यांना जोडणाऱ्या त्रिकोणात काळपुळी पुन्हा पुन्हा येते. जमीन चुनखडीची, त्यात बीजाणू, म्हणजे या जिवाणूंची कवचातली सुप्त रूपं, कित्येक दशकं टिकतात. वसंतात पाऊस बरा झाला आणि नंतर कडक ऊन पडलं की बीजाणू वर येतात. गवत खुरटतं, जनावर मुळाशी चरतं आणि मातीसकट बीजाणू पोटात जातात. पांढऱ्या शेपटीचं हरिण मात्र जास्त करून झुडपांचा पाला खातं. मढ्यावर बसलेल्या निळ्या-हिरव्या माश्या उडून जवळच्या पानांवर बसतात, तिथं ओकतात, हगतात. तीच पानं हरणाच्या तोंडाच्या उंचीवर असतात. चितळ गवतही खातं आणि पालाही, म्हणजे त्याला दोन्ही वाटा उघड्या. थंडी पडून माश्या कमी झाल्या की साथ बहुतेक ओसरते.

मालकाला आधी चार गोष्टी विचारा. शेवटचं जनावर कधी मेलं? तुमच्या कुंपणापासून किती लांब? मढी जाळली की तशीच पडली आहेत? आणि तुमच्या रँचवर कोणत्या जनावरांना लस टोचली, कधी? लस जिवंत बीजाणूंची असते आणि टोचल्यापासून 42 दिवस ते जनावर खाण्यासाठी कापायचं नसतं. काही मालक बंदिस्त चितळांनाही टोचून घेतात, म्हणून हे विचारायला विसरू नका.

पानगळ
मांसाबद्दल. लागण झालेलं हरिण काही काळ धडधाकटच दिसतं. लक्षणं सुरू झाल्यावर मरण बहुतेक काही तासांत येतं, त्यामुळे "चांगलं पळत होतं" याला पुरावा म्हणून फार किंमत नाही. साथ चालू असताना लगतच्या रँचवरचं मांस मी खाऊ नका असंच सांगेन. नीट शिजवलं की चालतं, हे इथं धरून चालू नका. जिवाणू उष्णतेने मरतात, पण बीजाणू साध्या शिजवण्यात मरतीलच असं नाही. वाळवून किंवा धुरी देऊन तर नाहीच. शिवाय जोखीम ताटात येण्याआधीच, सोलताना हाताशी येते.

कातडं आणि शिंगं या वर्षी सोडा. बीजाणू केसांत आणि चामड्यात टिकतात. रानात पडलेल्या कवटीची शिंगंही उचलू नका. ती कशाने मेलेल्या हरणाची आहे, ते कळत नाही.

चुनखडीचा_माळ
तरी जाणारच असाल तर दोन नियम पाळा: मेलेल्याला हात नाही, आणि आजारी दिसणाऱ्यावर गोळी नाही. अडखळणारं, थरथरणारं, तोंड उघडं टाकून धापा टाकणारं किंवा माणूस जवळ आला तरी न हलणारं हरिण तसंच राहू द्या. ते मारलंत तर रक्त मातीत सांडतं, आणि त्या रक्तातल्या जिवाणूंना हवा लागली की त्यांचे बीजाणू होतात.

याच कारणासाठी मढं उघडायचं नसतं. न उघडलेल्या मढ्यात सडण्याच्या प्रक्रियेतच बरेचसे जिवाणू काही दिवसांत मरतात. पोट फाडलं किंवा गिधाडांनी, रानडुकरांनी फोडलं, की ती जागा पुढच्या कितीतरी वर्षांसाठी दूषित होते.

सोलायचं झालं तर नायट्राइल हातमोज्यांच्या दोन जोड्या, पूर्ण बाह्या, आणि धूळ उडत असेल तर एन-95 मास्क. हातावर ताजी जखम असेल तर ते काम दुसऱ्याला द्या. हरिण जमिनीवर न फाडता टांगून फाडा. जुलैच्या उकाड्यात मांस लवकर थंड करायची घाई असते, आणि हात कापून घेण्याचे प्रकार त्याच घाईत होतात.

रानवाट_7
पोट फाडल्यावर रक्त गोठलेलं नसेल तर काळपुळीच समजायची का? फुप्फुसाला गोळी लागली की छातीतलं रक्त तसंही पातळच दिसतं.

पशुवैद्य_आडवाट
बरोबर, म्हणून त्या एका खुणेवर जाऊ नका. छातीत साचलेलं रक्त साध्या शिकारीतही कधी कधी गोठत नाही. प्लीहा, म्हणजे पोटात जठराला लागून असलेली पाणथरी, बघा. निरोगी हरणाची प्लीहा चपटी, घट्ट आणि कडेला टोकदार असते. काळपुळीत ती बऱ्याच वेळा सुजून मोठी होते, काळपट पडते आणि चिरली तर आतला गर जांभळाच्या मुरंब्यासारखा ओघळतो. पण बघायचं ते बाहेरून. ती चिरून खात्री करून घेण्याच्या मोहात पडू नका. आणि प्लीहा ठीक दिसली म्हणून मांस सुरक्षित ठरत नाही.

गडद डांबरासारखं रक्त, नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून रक्त, सुजलेली प्लीहा, यातलं काहीही दिसलं तर सुरी आहे तिथं ठेवा. हरिण टांगलेलं असेल तर खाली ओढू नका, दुसरीकडे नेऊ नका. कुत्र्यांना बांधा. ताडपत्रीने झाकून कडांवर दगड ठेवा, म्हणजे माश्या बसणार नाहीत. जीपीएसवर जागा नोंदवा आणि मालकाला लगेच फोन करा. काळपुळी टेक्सस ॲनिमल हेल्थ कमिशनला कळवणं सक्तीचं आहे. नमुना पशुवैद्य घेईल, तुम्ही तुकडा कापून पिशवीत भरू नका.

मढं जिथं आहे तिथंच पूर्ण राख होईपर्यंत जाळतात. खाली हवा खेळायला चर लागतो, नाहीतर वरचं जळतं आणि खालची बाजू कच्ची राहते. रक्त मुरलेली वरची मातीही जाळावी लागते. उन्हाळ्यात काउंटीत आग पेटवायला बंदी असू शकते, म्हणून शेरीफ आणि अग्निशमन दलाला आधी कळवून मगच पेटवायचं. हे काम मालकाचं, पाहुण्या शिकाऱ्याचं नाही.

पानगळ
हातांना सॅनिटायझर लावून भागणार नाही, अल्कोहोलने बीजाणू मरत नाहीत. साबण आणि भरपूर वाहतं पाणी, नखांखाली ब्रशने. सुरी आणि टांगायचे आकडे आधी घासून रक्त, चरबी पूर्ण काढा, मगच ब्लीचचं ताजं द्रावण वापरा, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी. चरबीच्या थराखाली ब्लीच पोचत नाही. संशय पक्का असेल तर सुरी 15 पौंड दाबाच्या कुकरमध्ये 30 मिनिटं ठेवा. तो कुकर पुन्हा स्वयंपाकात नको.

पशुवैद्य_आडवाट
एक राहिलं. पुढचे सात दिवस हात, मनगट, मान यांच्यावर लक्ष ठेवा. सुरुवात किडा चावल्यासारख्या खाजऱ्या पुळीने होते, मग फोड येतो, भोवती सूज येते आणि मधोमध काळी खपली धरते. ती दुखत नाही, म्हणूनच लोक अंगावर काढतात. पुळी फोडू नका. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की काळपुळीच्या भागात हरिण सोललं होतं. वेळेत प्रतिजैविक मिळालं तर त्वचेची काळपुळी बरी होते. न सांगितल्यास डॉक्टर कोळ्याचा दंश समजून सोडून देऊ शकतात.

रानवाट_7
कळलं. मालकाला फोन करून तारीख जानेवारीवर नेली. शेजारची मढी जाळली का, हेही विचारलं, तर दोन अजून पडून आहेत म्हणाला.

चुनखडीचा_माळ
मग आजच त्याला सांगा, त्या बाजूच्या कुंपणालगतचे मक्याचे फीडर बंद कर. जमिनीवर सांडलेला मका टिपायला हरणं नेमकी तिथंच येऊन तोंड मातीला लावतात.