पक्षाघाताचे रुग्ण: फीड, फिजिओ आणि औषधं यांचा मेळ कसा घालायचा?

वॉर्ड इन्चार्ज: मेडिसिन वॉर्ड, ३० खाटा. पक्षाघाताच्या रुग्णांना वरचेवर न्यूमोनिया होतो, रायल्स ट्यूब (नाकातून जठरात जाणारी नळी) सारखी तुंबते. फीडची (नळीतून द्यायच्या पातळ आहाराची) वेळ ९, फिजिओही ९ लाच. कोणी कशाच्या आधी काय करायचं?

स्पीच थेरपिस्ट: सगळ्यांत आधी गिळण्याची तपासणी. तोवर तोंडाने काहीच नाही, गोळीसुद्धा नाही. रुग्ण पूर्ण जागा हवा, ताठ बसवलेला. चमच्याने ५ मिली पाणी, असं तीनदा. ठसका लागला, आवाज ओला (घशात पाणी अडकल्यासारखा) झाला किंवा पाणी ओठांतून गळलं, तर तिथेच थांबा. तिन्ही घोट नीट गेले तरच कपाने ५० मिली. ठसका न लागताही पाणी फुप्फुसात उतरतं, म्हणून प्रत्येक घोटानंतर ‘आ’ म्हणायला लावा. थेरपिस्टची वाट पाहू नका, प्रशिक्षित सिस्टरने केलेली तपासणी चालते.

फार्मासिस्ट: नळी तुंबते ती बहुतेक वेळा कुटलेल्या गोळ्यांनी. पँटोप्राझोलची (ॲसिडिटीची) गोळी कुटली की आवरण फुटतं आणि औषध जठरातल्या आम्लात वाया जातं. मेटफॉर्मिन एसआर (मधुमेहाची, हळूहळू विरघळणारी गोळी) कुटली तर लांबवून मिळायचा डोस एकदम सुटतो. डॅबिगाट्रानची (रक्त पातळ करणारी) कॅप्सूल तर उघडूच नका: शोषण सुमारे ७५ टक्क्यांनी वाढतं, रक्तस्रावाचा धोका. प्रत्येक औषध वेगळं द्या, मध्ये १० मिली पाणी, आधी आणि शेवटी ३० मिली. फेनिटोइन (झटक्यांचं औषध) सिरप असेल तर आधी-नंतर दीड-दोन तास फीड बंद, नाहीतर रक्तातली पातळी घसरून झटके येतात.

फिजिओ: फीडनंतर तासभर छातीचे व्यायाम नकोत, आडवं करणंही नको. एरवी डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर. खरी गडबड चादर बदलताना होते: फीड चालू असतानाच रुग्णाला सपाट करतात. मावशींना आणि वॉर्डबॉयलाही हे सांगा (त्यांना राउंडला कोणी बोलावत नाही, तिथेच घोडं अडतं). नळी असली तरी तोंड रोज साफ हवंच.

वॉर्ड इन्चार्ज: फेनिटोइन दिवसातून तीनदा असेल तर फीड द्यायचं कधी? आहारतज्ज्ञ म्हणतात, कॅलरी पुऱ्या होत नाहीत.

फार्मासिस्ट: बरोबर आहे त्यांचं, दिवसातले नऊ ते बारा तास फीड बंद राहील. डॉक्टरांना विचारा, त्याऐवजी लेव्हेटिरासिटाम सिरप (हेही झटक्यांचंच औषध) चालेल का. त्याला फीड थांबवावं लागत नाही.